अकरा अर्धी बिस्किटं

माळ्यावरून काढलेली मोठ्या लेकीची सॅक त्यानं गॅलरीत नेली, उलटी केली, दोन्ही पट्टे धरून झटकली, आणि वर्षभराच्या धुळीबरोबर तिच्यातून एक मोजा खाली पडला. राखाडी रंगाचा, पिवळ्या पट्ट्यांचा. या मोज्यावरून गेल्या वर्षी घरात महाभारत झालं होतं. नवा कोरा जोड, आणि त्यातला एक पहिल्याच वापरात डोंगरावर हरवून आली म्हणून मुलीला तिच्या आईनं फैलावर घेतलं होतं, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं तसा तोही त्यात भाजून निघाला होता. आता तो मोजा इथे होता, त्याच्या पायाशी, तोंडाला घट्ट गाठ मारलेला. आत काहीतरी होतं. गाठ नखांनी सुटेना तेव्हा त्यानं ती दातांनी सोडवली. आतून बिस्किटं निघाली. अख्खं एकही नव्हतं. प्रत्येक मधोमध मोडलेलं, जपून, कडा फारशी न सांडता, आणि तळाशी चिमूटभर भुगा. त्यानं ती कठड्यावर ओळीनं मांडली. मोजायची सवयच पडलेली, काय करणार. अकरा भरली. खाली कचऱ्याची गाडी उभी होती आणि तिच्यावरचा माणूस वर बघत होता; त्याला वाटलं असेल, हा गृहस्थ सकाळी सकाळी चिमण्यांना खायला घालतोय.

ही बिस्किटं कुठली हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. तीन दिवसांच्या त्या डोंगरवाटेवर दर पोराला रोज चार, सकाळी दोन आणि दुपारी दोन, हे प्रमाण त्यानंच बसवलं होतं. तीन दिवसांची बारा. बारांची बारा अर्धी, आणि त्यातली अकरा इथं कठड्यावर. म्हणजे आठ वर्षांच्या पोरीनं तीन दिवस अर्ध्या पोटी डोंगर चढला होता, आणि तिला भरवणारा बाप समोर बसून आपल्या हुशारीवर खूष होता. बरं, त्यानं लक्ष दिलं नव्हतं असंही नाही. तो तर तपासायचा. धाकटा तेव्हा पाचाचा, तोंडात घास धरून ठेवायची त्याला खोड. म्हणून दर थांब्यावर खाणं झालं की दोघांनाही ओळीनं उभं करून ‘आ करा बघू’ असं फर्मान सुटायचं. धाकटा आ करायचा, मोठी आ करायची. मोठीचं तोंड नेहमी स्वच्छ असायचं. तो ‘शाब्बास’ म्हणायचा आणि सॅक उचलायचा. तोंड रिकामं म्हणजे पोट भरलं, हे गणित तो कुठून शिकला होता कोण जाणे. आतून धाकट्याचा आवाज आला, “बाबा, उद्या जायचंय ना?” आणि त्यानं घाईघाईनं ती अकराच्या अकरा परत मोज्यात भरली, मोजा शर्टाच्या खिशात कोंबला आणि उत्तर न देताच कामावर निघाला.

पाणीपुरवठा खात्यात तो मीटर वाचत असे. हातात लोखंडी आकडी, काखेत वही, कमरेला फडकं. फरशीतलं झाकण आकडीनं उचलायचं, गुडघ्यांवर बसायचं, काचेवरचा चिखल पुसायचा, आकडा वाचायचा, लिहायचा, उठायचं. दिवसातून दीडशे वेळा बसायचं आणि दीडशे वेळा उठायचं. गुडघे आता बसताना वेगळे वाजत आणि उठताना वेगळे. ऑफिसात सगळे हसायचे, दिवसभर चालून तुझी हौस फिटत नाही का रे, सुट्टीतही पोरांना घेऊन चालायलाच जातोस? तोही हसायचा. डोंगराला तिकीट नसतं, एवढंच त्याचं उत्तर होतं आणि ते खरंही होतं. समोरच्या घरातली माणसं दर सुट्टीत समुद्रावर जायची, हॉटेलात उतरायची, आणि त्यांची पोरं आल्यावर आठवडाभर जिन्यात बसून सांगायची की हॉटेलात रोज चादर बदलतात. मोठी ते ऐकून घरात यायची आणि आपल्या अंथरुणाच्या चादरीकडे बघायची. मागायची काही नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, नाही म्हणता आलं असतं. एका संध्याकाळी त्या पोरीचं ते चादर बघणं त्याला सहन झालं नाही आणि तो बोलून गेला की आपण त्याहून भारी ठिकाणी जाऊ, आपण डोंगरावर तंबूत राहू. बोलून बसल्यावर काय, बोले तैसा चाले. तंबू ऑफिसातल्याच एकाचा. त्यानं हौसेनं घेतला आणि घडीही मोडली नव्हती, म्हणून सगळे त्याला तंबूवालाच म्हणत. तंबूच्या बदल्यात त्याच्या वाट्याच्या चढावरच्या गल्ल्या आठवडाभर आपण वाचायच्या असा करार. तंबू दोघांचा, माणसं तीन. झोपायच्या पिशव्या बायकोनं दोन जुन्या गोधड्या दुमडून, फाटक्या बॅगेची चेन लावून मशीनवर शिवून दिल्या होत्या. चूल म्हणजे दुधाच्या पावडरचा डबा. आणि सगळ्या घरादाराला वेड लागल्यासारखं वजन करणं. स्वयंपाकघरातला तराजू जमिनीवर यायचा आणि प्रत्येक गोष्ट त्याच्यावरून जायची. दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या त्यानं अर्ध्यावर कापल्या होत्या. तिघांत एक चमचा. काडेपेटीत मोजून पंधरा काड्या. पोराच्या पाठीवर पोराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त द्यायचं नाही, बाकी सगळं आपल्या पाठीवर, हा त्याचा नियम होता; आणि आपली सॅक उचलेनाशी झाली की तिच्यातून जे पहिलं बाहेर निघायचं ते त्याच्या स्वतःच्या वाट्याचं. जाडा स्वेटर निघायचा, खाणं निघायचं. मोठ्या माणसाचं काय, घोटभर चहावर दिवस निघतो. हे सगळं त्याला फार आवडायचं. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीत तो इतका हुशार नव्हता.

आणि पोरांना आवडायचं, असं तो आज सकाळपर्यंत धरून चालला होता. तिसऱ्या गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानामागचं झाकण उचलताना त्याला तो तिसरा दिवस आठवला, किंवा आठवला म्हणण्यापेक्षा तो सकाळपासून मानेवर बसलेला होता आणि आता जड झाला. उताराची वाट, गुरांच्या मोडक्या गोठ्यापाशी ती फुटत होती, आणि त्यानं डावी धरली. डावी का? काही कारण नव्हतं. डावीकडे पाऊलवाट जास्त मळलेली वाटली. अर्ध्या तासानं ती वाट झुडपांत शिरून नाहीशी झाली, धुकं आलं, आणि त्याला कळलं की आपण चुकलोय. त्यानं काही ते पोरांना सांगितलं नाही. ‘आलंच’, तो म्हणाला. हा त्याचा तिन्ही वर्षांचा मंत्र. किती राहिलं बाबा? आलंच. त्या झाडापलीकडं. आलंच. ते वळण घेतलं की झालं. लहान पोरांना डोंगरावर नेणारा प्रत्येक बाप हे खोटं बोलतो, त्याला काही पाप म्हणत नाहीत. पण त्या दिवशी दुपारभर तो आलंच आलंच म्हणत त्यांना झुडपांतून फिरवत होता, आणि त्याच्या स्वतःच्या पायांत कापरं भरलं होतं, डोळ्यांपुढं बारीक काजवे चमकत होते, आणि शेवटची बस चुकली तर दोन पोरांना घेऊन त्या ओल्या रानात रात्र काढावी लागणार, तीही रिकाम्या डब्यांनिशी, या विचारानं तो सारखा घड्याळ बघत होता. धाकटा बडबडत चालला होता. मोठी मागं पडत होती. दहा पावलं, मग वीस, मग दिसेनाशी. तो थांबायचा, हाक मारायचा, ती यायची, दगडावर बसायची. तिसऱ्यांदा बसली तेव्हा तो ओरडला. कसा ओरडला ते शब्द न् शब्द लक्षात होतं त्याच्या. “एवढं खाऊन पिऊन ही तऱ्हा! पाच वर्षांचं पोर चालतंय आणि तुला पाय उचलवत नाही? पुढच्या वर्षी घरी ठेवून येईन तुला, समजलं?” मग तिच्या खांद्यावरून सॅक ओढून काढली, पुढच्या बाजूनं आपल्या छातीवर अडकवली आणि चालू लागला. ती काहीतरी पुटपुटत उठली आणि त्याच्याबरोबर चालायला लागली, बरोबर म्हणजे अगदी चिकटून, एका हातानं आपल्या सॅकचा लोंबता पट्टा धरून. त्याला वाटलं, सॅक परत हवीय, हट्ट करतेय. त्यानं दोनदा तिचा हात झटकला. दोन्ही वेळा तो हात परत पट्ट्यावर आला.

आता मीटरच्या खड्ड्यावर वाकलेला असताना त्याला त्या हाताचा अर्थ लागला, असं वाटलं. तिला आपल्या साठ्याची काळजी होती. बापानं वाट चुकवलीय हे तिला कळलं होतं, आणि बापाच्या छातीवर तिचा शेवटचा दाणागोटा लटकत होता. पण नाही, तेही बरोबर बसेना. वाट चुकली तिसऱ्या दिवशी. बिस्किटं अकरा. अकरा साठायची म्हणजे पोरगी पहिल्या दिवशीच्या पहिल्या बिस्किटापासून अर्धं काढून ठेवत होती, बसमधून उतरून डोंगराला पाय लावायच्या आधीपासून. म्हणजे घरातून निघतानाच तिनं बापाला ओळखलं होतं. हा कधीतरी चुकणार, हा म्हणतो आलंच पण येत काही नाही, याच्या भरवशावर राहिलो तर उपाशी मरू. आठ वर्षांची पोर. त्यानं वहीत आकडा लिहिला, मग बघितलं तर मागच्या घराचा आकडा पुन्हा लिहिला होता. खोडला. खोडाखोड वरिष्ठांना चालत नाही. बारावं अर्धं कुठं गेलं असेल, हा एक फालतू प्रश्न त्याच्या डोक्यात माशीसारखा घोंघावत राहिला.

मीटर घराच्या आत आणि दार बंद असलं तर त्यांच्या खात्यात एक रीत होती. तीनदा दार वाजवायचं, कुणी आलं नाही तर मागच्या महिन्यांची सरासरी काढून तोच आकडा टाकायचा आणि पुढं व्हायचं. अंदाजे, असं शेजारी लिहायचं. काही घरं वर्ष वर्ष अंदाजावर चालत. मग एके दिवशी दार उघडं सापडायचं, मीटर बघावा तर खाली नळी फुटून पाणी केव्हापासून जमिनीत मुरत होतं, कुणाचा पत्ता नाही. मोठीच्या बाबतीत आपण हेच करत आलो, असं त्याला वाटलं. कशी आहेस? बरी. शाळा? बरी. दमलीस? नाही. मागच्या वर्षी बरी होती म्हणून यंदाही बरी. ती फारशी बोलत नाही, समंजस आहे, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. या विचारानं त्याला इतका थकवा आला की पुढचं झाकण उचलायच्या ऐवजी तो त्याच्यावरच बसला.

दुपारी त्याची फेरी धुलाईच्या कारखान्यापाशी येत असे. बायको तिथं हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. त्या रोज बदलणाऱ्या चादरी शेवटी हिच्याच हाताखालून जातात, हा त्यांच्या घरातला एक जुना विनोद होता. तिची रजा आणि पोरांची सुट्टी यांचा छत्तीसचा आकडा, म्हणून ती कधी डोंगरावर आलेली नव्हती. मागच्या दारानं ती बाहेर आली, वाफेनं चेहरा लाल, आणि त्यानं खिशातून मोजा काढून दाखवला. तिनं तो हातात घेतला, आत बघितलं, वास घेतला.

“सापडला म्हणा की,” ती म्हणाली. “आणि मी उगीच बोलले तिला.”

“आतलं बघितलंस ना?”

“बघितलं. मुलं लपवून ठेवतात काहीबाही. मी चिंचोके ठेवायची.”

“अकरा आहेत. पहिल्या दिवसापासून. माझ्यावर विश्वास नाही तिचा.”

“विचारलंत तिला?”

“काय विचारू?”

“जे मला सांगताय तेच.” तिनं मोजा परत त्याच्या खिशात घातला आणि वर थोपटला. “तुम्ही ना, तिच्या बाबतीत दार वाजवायच्या आधीच अंदाजे लिहून मोकळे होता. आणि ऐका, आज रागावू नका तिला. आठवडाभर संध्याकाळी जिना चढतेय-उतरतेय ती. पाठीवर दप्तर, दप्तरात वजनाला पाण्याच्या बाटल्या. शेजारीण विचारत होती, काय झालंय हिला म्हणून. मी विचारलं तर म्हणाली, यंदा मागं पडायचं नाहीये.”

आत घंटा वाजली आणि ती गेली. तो तिथंच उभा राहिला. कारखान्याचा मीटर मोठा होता आणि त्याचे काटे गरगर फिरत होते. आकडा वाचेपर्यंत बदलत होता. जिना चार मजल्यांचा. पायऱ्या शहात्तर. त्या त्यानं स्वतः रोज मोजल्या होत्या, आणि त्या शहात्तर पायऱ्यांवर नऊ वर्षांची पोर बाटल्या भरलेलं दप्तर घेऊन वर-खाली करते, कारण बाप घरी ठेवून जाईल. एका बाजूला बापाच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून बिस्किटं साठवते आणि दुसऱ्या बाजूला त्यानं टाकून जाऊ नये म्हणून जिने चढते. याला काय सहल म्हणायचं? ज्याला तो तीन वर्षं आपल्या हातची एकमेव भेट समजत होता ती या पोरीला शिक्षेसारखी ठरली होती. उद्या जायचं नाही, त्यानं ठरवलं. संध्याकाळी चहा झाला की सांगून टाकायचं, बाबांचे गुडघे दुखतात. ते खोटंही नव्हतं. घरी राहू, बागेत जाऊ, हवं तर दोन दिवस नुसते झोपू. एवढं ठरवल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ज्याच्याकडे द्यायला एकच गोष्ट आहे त्यानं तीही परत घ्यायची ठरवली तर मागं काय उरतं, हा विचार त्याच्याबरोबर दर झाकणापाशी बसत होता आणि उठत होता.

ऑफिसात वही द्यायला गेला तेव्हा तंबूवाल्यानं पिशवी पुढं केली. “घे बाबा तुझा महाल.” यंदा नको, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तंबूवाल्याच्या चढाच्या गल्ल्या आठवडाभर चढून झाल्या होत्या, आणि वाचलेले मीटर काही परत देता येत नाहीत. त्यानं पिशवी खांद्याला लावली. वाटेत दुकानातून बिस्किटांचे पुडे घेतले, मागच्या वर्षीच्या दुप्पट. जायचं नाही असं ठरवलेल्या माणसानं पुडे का घ्यावेत, हे दुकानदारानं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

घरी पोरांनी सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. जमिनीवर, त्याच्याच पद्धतीनं, रांगेत: गोधडीच्या पिशव्या, डबा, चमचा, अर्ध्या दांड्यांचे ब्रश. मधोमध तराजू. मोठी तराजूशेजारी मांडी घालून बसली होती आणि धाकट्याला वजनं वाचून दाखवत होती. काडेपेटीतल्या काड्या तिनं मोजून पंधरा ठेवल्या होत्या, उरलेल्या वाटीत. तिचे गुडघे त्याला दिसले, चढून चढून पोटऱ्या टणक झालेल्या दिसल्या. तिनं मान वर केली नाही. “बाबा, मी माझी सॅक भरली,” ती म्हणाली. “दहाव्या हिश्शापेक्षा थोडी जास्त आहे. मला चालेल.” चहा झाला. सांगायची वेळ आली आणि गेली. तो खाली बसला, गुडघे वाजले, आणि तोंड उघडायच्या ऐवजी त्यानं पुडा फोडला. निदान यंदा पोट भरून खाऊ देत, एवढंच त्याच्या मनात आलं. रोजची आठ. एक ढीग मोठीचा, एक ढीग धाकट्याचा. एक इकडे, एक तिकडे, एक इकडे, एक तिकडे. हात सवयीनं चालत होते, ढीग उंच होत होते, आणि त्याला जरा बरं वाटत होतं. चोवीस आणि चोवीस.

“बाबा,” मोठी म्हणाली, “तिसरा ढीग?”

“कसला तिसरा?”

“तुमचा.”

“मला कुठं लागतात बिस्किटं. मोठ्या माणसाला घोटभर चहा मिळाला की...”

“गेल्या वर्षीपण नव्हता.”

त्याचा हात खिशाकडे गेला. मोजा त्यानं तराजूजवळ ठेवला. तिचे कान लाल झाले. ती मोज्याकडे बघत राहिली, मग एकदम म्हणाली, “बघा, मी सांगत होते ना, हरवला नाही म्हणून!”

“का ठेवलीस गं?” त्यानं विचारलं. “बाबा वाट चुकतील, असं वाटलं म्हणून?”

“कधी चुकलो आपण वाट?”

“शेवटच्या दिवशी. गोठ्यापासून पुढं. झुडपांत.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. धाकटाही बघायला लागला. “आपण चुकलो होतो?” ती म्हणाली. “तुम्ही तर आलंच म्हणत होता. मला वाटलं, डोंगरच मोठा आहे.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दिवसभर ज्या अविश्वासाची त्यानं गल्लोगल्ली कल्पना केली होती तो कधी नव्हताच. पोरगी त्याच्या प्रत्येक आलंचवर विश्वास ठेवून, पाय ओढत, झाडापाठोपाठ झाड चालत गेली होती. आणि आता त्याचं खोटं त्यानं स्वतःच तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. त्याला लाज वाटली, साधी, उघडी लाज.

“मग ही कशासाठी?” त्यानं विचारलं.

“तुमच्यासाठी.” ती मोज्याचं तोंड उलगडत होती, त्याच्याकडे न बघता. “तुम्ही ढीग केले तेव्हा दोनच केले. मी मोजले. मग तंबूत तुम्हाला वाटलं आम्ही झोपलो, तेव्हा तुम्ही पुड्याचा कागद चाटलात. आणि चहा करताना हात असे असे हलत होते. तुम्ही म्हणालात थंडी आहे. थंडी नव्हती.”

“मग दिली का नाहीस?”

“शेवटी देणार होते. बसमध्ये. सगळी एकदम.” ती पुढं म्हणाली, “मग तुम्ही ओरडलात. सॅक पण घेतली. मी सांगत होते, पट्टा ओढत होते, तुम्ही हात झटकला. बसमध्ये मला झोप लागली. आणि घरी आई मोज्यावरून बोलायला लागली, मग कसं सांगणार?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते तेव्हा अकरा बिस्किटं त्याच्या छातीवर लटकत होती, आणि ज्या हातानं ती देऊ केली तो हात त्यानं दोनदा झटकला होता. त्यानं शेवटी सकाळपासूनचा तो फालतू प्रश्न विचारला, कारण दुसरं काही सुचेना. “आणि बारावं?”

“ते खिशात होतं. तुम्ही ओरडल्यावर मी खाल्लं. रागानं.”

“बरं केलंस.”

“मला नेणार ना उद्या?”

“नेणार,” तो म्हणाला. “आणि यंदा चुकलो की चुकलो म्हणेन.”

“आधी तिसरा ढीग करा,” मोठी म्हणाली. तिनं स्वतःच करायला घेतला. आपल्या ढिगातून काढून, धाकट्याच्या ढिगातून काढून. धाकट्यानं एकदा कुरकुर केली आणि तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. सोळा, सोळा, सोळा. मग फोडलेल्या पुड्यात उरलेलं एक बिस्किट काढून तिनं ते त्याच्या पुढं धरलं. “हे आत्ता.”

“अगं, जेवायची वेळ झाली.”

“आत्ता.”

त्यानं ते घेतलं आणि खाल्लं. कोरडं होतं, टाळ्याला चिकटत होतं. दोन्ही पोरं त्याच्या जबड्याकडे बघत होती. त्याला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि सगळ्या अंगभर दिवसाचे दीडशे खड्डे ठणकत होते. बाहेर जिन्यावर कुणीतरी किल्ल्या वाजवत वर येत होतं, बहुधा बायको.

“संपलं,” तो म्हणाला.

मोठी गुडघ्यांवर पुढं सरकली, त्याच्या अगदी तोंडाशी आली. “आ करा बघू.”

त्यानं आ केला. तिनं नीट आत बघितलं, डावीकडे, उजवीकडे. तोंड स्वच्छ होतं. तरी ती मागं सरली नाही.

“आता मूठ,” ती म्हणाली.

त्यानं खाली बघितलं. डावा हात मांडीवर होता, मिटलेला. त्यानं तो उघडला. तळव्यावर अर्धं बिस्किट होतं, मधोमध मोडलेलं, जपून. ते कधी मोडलं आणि कुणासाठी धरून ठेवलं, हे त्याला खरंच कळलं नव्हतं. मोठीनं ते उचललं, त्याच्या तोंडात घातलं, आणि तो चावायला लागेपर्यंत हात मागं घेतला नाही.